वाचकांचे प्रश्न : दोघांनीच रेल्वेने युरोप पाहावा कसा?

परदेशप्रवासाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवल्यावर विदर्भातील खेड्यापाड्यांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता. पन्नास माणसांच्या सहलीत न जाता नवरा-बायकोने रेल्वेने युरोपातील शहरे पाहता येतील काय, आणि तिकडे खायचे काय? त्यांपैकी काही पत्रे व त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही वरूड तालुक्यातील एका गावी राहतो. मी जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असून घरी संत्र्याची बाग आहे. येत्या मे महिन्यात पत्नीसह युरोपला जाण्याचा बेत आहे. मुलगा म्हणतो, सहल कंपनीबरोबर जा. आम्हाला मात्र आपल्या चालीने, रेल्वेने हिंडायचे आहे. ॲमस्टरडॅम, पॅरिस, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस आणि रोम ही आठ शहरे मी पंधरा दिवसांत बसवली आहेत. पत्नी पूर्ण शाकाहारी आहे. मला सावजी चालते, पण गोमांस चालत नाही. दोघांचेही इंग्रजी कामापुरते आहे. हे जमेल काय?

उत्तर : दोघांनीच जाणे निश्चित जमेल, आठ शहरे जमणार नाहीत. शहर बदलण्याचा दिवस हा कागदावर दिसतो तेवढा मोकळा नसतो. सकाळी खोली सोडायची, सामान ओढत स्थानक गाठायचे, तीन-चार तास गाडीत बसायचे, उतरल्यावर नवे हॉटेल शोधायचे आणि खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही म्हणून पुन्हा ताटकळायचे, यात अर्धा दिवस सहज जातो. आठ शहरांसाठी असे सात अर्धे दिवस, म्हणजे पंधरातले साडेतीन दिवस निव्वळ सामानाच्या सेवेत जातील. शिवाय आपण निवडलेली शहरे नकाशावर एका ओळीत नाहीत. पॅरिसहून बर्लिन आणि बुडापेस्टहून व्हेनिस हे दोन्ही पल्ले दिवस खाणारे आहेत.

त्याऐवजी आमचे सुचवणे असे की पॅरिसला चार रात्री, स्वित्झर्लंडमधील लुत्सर्नला तीन, फ्लॉरेन्सला तीन आणि रोमला चार रात्री राहावे. ही शहरे उत्तरेकडून दक्षिणेकडे एका रेषेत येतात. विमानाचे तिकीट पॅरिसला उतरण्याचे आणि रोमहून परतण्याचे घेतले, तर आल्या वाटेने मागे जावे लागत नाही. पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून स्वित्झर्लंडच्या बाझलपर्यंत वेगवान गाडीने सुमारे तीन तास आणि तेथून लुत्सर्न एक तास. लुत्सर्नहून मिलान साडेतीन तासांच्या आत, मिलानहून फ्लॉरेन्स दोन तास आणि फ्लॉरेन्सहून रोम दीड तास. यात रात्रीचा प्रवास नाही.

लुत्सर्न ते मिलान या टप्प्यात मात्र एक निवड करावी लागते. वेगवान गाडी 2016 साली सुरू झालेल्या 57 किलोमीटर लांबीच्या गोट्टहार्ड बोगद्यातून जाते. अभियांत्रिकी म्हणून तो थोरच आहे, पण प्रवाशाला वीस मिनिटे काळोखाखेरीज काही दिसत नाही. डोंगरावरून जाणारा 1882 सालचा जुना मार्ग अजून चालू आहे. त्यावर वासेन नावाचे एक लहानसे गाव लागते. रूळ तेथे बोगद्यांतून वळसे घेत चढत असल्यामुळे गावातले पांढरे चर्च आधी आपल्या वर, मग समोर आणि शेवटी खाली, असे तीनदा दिसते. या मार्गाने जाण्यासाठी लोकार्नोकडे जाणारी साधी गाडी पकडून बेलिन्झोनाला मिलानची गाडी घ्यावी. वेळ अधिक लागतो, पण ज्यांना रेल्वेचीच हौस आहे त्यांनी हा मार्ग सोडू नये.

मे महिन्याची निवड उत्तम आहे. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीकडे सरकत असताना पॅरिसला दुपारीही हलका स्वेटर लागू शकतो आणि महिन्याच्या उत्तरार्धात रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. आंबिया बहाराला पाणी देणारा माणूस तेवढा विश्वासाचा लावून जा. मे महिन्यात फ्रान्समध्ये 1 आणि 8 तारखेला सार्वजनिक सुट्टी असते; 1 मे रोजी तर लूव्र संग्रहालयही बंद असते. एरवी लूव्र मंगळवारी, फ्लॉरेन्सचे उफित्सी सोमवारी आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातील शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी बंद असतात. म्हणून प्रत्येक शहरातील दिवसांची आखणी आधी या वारांवरून करावी आणि तिकिटे घरूनच काढावीत. सेंट पीटर्स चर्चमध्ये प्रवेश विनामूल्य आहे, मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. साडी नेसणाऱ्या बाईला तेथे कोणी अडवत नाही.

लुत्सर्नला बर्फाच्या शिखरांच्या महागड्या सहलींचा आग्रह होईल. तेथील सरोवरातून बोटीने तासाभरात फित्झनाउ येथे उतरून दात्यांच्या रुळावरून चढणाऱ्या गाडीने रिगी डोंगरावर जाणे आम्हाला अधिक पटते. ही गाडी 1871 सालची, युरोपातील पहिली डोंगरी रेल्वे आहे. तीन दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतल्यास बोट, ही गाडी आणि देशातील इतर बहुतेक गाड्या त्यातच येतात.

आता स्थानकाविषयी. तिकडे वेटिंग आणि आरएसी हा प्रकार नाही, तसेच हमालही नाही. मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते, तेवढ्यात आपली पेटी आपणच चढवायची असते. जी पेटी आपण दोन्ही हातांनी छातीइतकी उचलू शकत नाही, ती नेऊ नये. पॅरिसच्या मोठ्या स्थानकांत फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या साधारण वीस मिनिटे आधी फलकावर येतो. तोवर सगळेच प्रवासी फलकाकडे बघत उभे असतात, त्यामुळे आपलेच काही चुकले असे समजून घाबरू नये. फ्रान्समध्ये वेगवान गाडीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. धावत जाऊन दांडी पकडण्याची आपली सवय तेथे कामाची नाही. पॅरिसची मेट्रो आणि रोमचे तेर्मिनी स्थानक खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पिशवीतच ठेवावेत.

जेवणाची चिंता आपल्या पत्रात शेवटी आली असली, तरी खरी चिंता तीच असावी असे वाटते. सहल कंपन्या रोज संध्याकाळी भारतीय जेवण देतात आणि ते बहुधा कुठल्याशा उपनगरातल्या हॉटेलात, बसने तासभर जाऊन. जे रोज घरी खातो तेच पॅरिसमध्ये शोधण्यासाठी रोजचे दोन तास घालवणे आम्हाला मान्य नाही. दिवसातून एक वेळ त्या गावचे खावे आणि एक वेळ आपल्या सोयीचे, असा बेत ठेवल्यास पोटाचे आणि मनाचेही भागते. गावचे खाणे दुपारी ठेवावे. पॅरिसमध्ये साधारण बारा ते दोन या वेळात अनेक भोजनालये ठरावीक पदार्थांचे जेवण संध्याकाळपेक्षा स्वस्तात देतात. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई मोफत मिळते, पण सुरई मागावी लागते. नुसते पाणी म्हटले तर विकतची बाटली येते. इटलीत बिलात माणशी एक-दोन युरो बसण्याचे म्हणून लावतात. ती फसवणूक नाही, तशी तिथली रीतच आहे.

आपल्या पत्नीसाठी पॅरिसमध्ये कुट्टूच्या पिठाचे गालेत हे पातळ धिरडे चांगले. त्यात चीज, मशरूम, पालक घालून मिळते. अंडे आणि हॅम, म्हणजे डुकराचे मांस, नको हे आधी सांगावे. मारे भागात रोझिए रस्त्यावर फलाफल, म्हणजे वाटलेल्या चण्यांचे तळलेले वडे, मिळते. कांद्याचे सूप नावाने शाकाहारी वाटते, पण ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यात शिजवतात. ते तर आपणा दोघांनाही चालणार नाही. लुत्सर्नला किसलेल्या बटाट्याची तव्यावर खरपूस परतलेली र्‍योश्टी मिळते, तिच्यात डुकराचे मांस नाही ना, एवढे विचारावे. इटली शाकाहारी माणसाला सर्वांत सोपी आहे. टोमॅटोचा पास्ता, मार्गेरिता पिझ्झा, आणि फ्लॉरेन्सकडची रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव, पांढऱ्या राजम्याची उसळ आणि पालेभाजी एकत्र शिजवून केलेला दाट पदार्थ, हे सर्व पोटभरीचे आहे. वाळवलेला पास्ता रव्याचा असतो, पण ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. परमेसान चीज करताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पास्त्यावर चीज घालू नये असे सांगावे आणि पिझ्झा मारिनारा घ्यावा, त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो व तेल एवढेच असते.

फ्लॉरेन्सहून साध्या गाडीने तासाभरात पिसा येते. कललेला मनोरा पाहून झाला की तेथे चेचीना खायला विसरू नये. चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचे सरसरीत मिश्रण परातीएवढ्या तांब्याच्या थाळीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा करकरीत आणि मधला भाग मऊ अशी ती लादी कापून कागदावर देतात आणि वरून मिरपूड भुरभुरतात. आपल्या पाटवडीची ही दूरची बहीण म्हणायला हरकत नाही, फक्त फोडणीवाचून राहिलेली. पावात घालूनही ती खातात. सोबत नेलेला ठेचा बाहेर काढण्याची हीच वेळ.

रोममध्ये तुकड्यावर विकला जाणारा पिझ्झा घ्यावा. लांब आयताकृती ट्रेमधून आपण बोटाने दाखवू तेवढा तुकडा कात्रीने कापतात, वजन करून पैसे घेतात. पदार्थ डोळ्यांसमोर असल्यामुळे भाषेची अडचण उरत नाही. नुसत्या बटाट्याचा आणि दोडक्यासारख्या झुकिनीचा प्रकारही मिळतो. रोमच्या रस्त्यांवर लोखंडी तोट्या अखंड वाहत असतात. त्यांचे पाणी पिण्याचे आहे, रिकामी बाटली जवळ ठेवावी.

आपल्या स्वतःविषयी एवढेच, की सावजीचा तिखटपणा तिकडे कोठेही नाही, तेव्हा भिवापुरी मिरचीची पूड पुडीत न्यावी. इटालियन मांसाच्या सॉसमध्ये गोमांस असण्याचीच शक्यता अधिक असते आणि फ्लॉरेन्सचे प्रसिद्ध मांसपदार्थ गोवंशाचेच आहेत. कोंबडीला इटलीत पोल्लो आणि फ्रान्समध्ये पुले म्हणतात. काय चालत नाही ते फ्रेंच आणि इटालियन भाषेत एका कार्डावर मुलाकडून छापून घ्यावे आणि वाढप्यासमोर धरावे. कामापुरत्या इंग्रजीला एवढी जोड पुरेशी आहे.

प्रश्न : युरेल पास काढला की सर्व गाड्यांत कोठेही बसता येते असे ऐकले. सुट्या तिकिटांपेक्षा तो स्वस्त पडतो काय? आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत. (हिंगणघाट तालुका)

उत्तर : कोठेही बसता येते, हे अर्धेच खरे आहे. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असलेला हा पास 33 देशांत चालतो; साठ वर्षांवरील प्रवाशांना त्यात दहा टक्के सूट आहे. ठरावीक मुदतीत ठरावीक दिवस, उदाहरणार्थ एका महिन्यात चार, पाच किंवा सात दिवस, असा तो घेता येतो आणि निवडलेल्या दिवशी कितीही गाड्या बदलता येतात. मात्र फ्रान्सच्या आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावेच लागते, आणि फ्रान्समध्ये पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे बहुतेक गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. पासची खरी चैन तेथेच आहे.

वर सुचवलेल्या चार शहरांसाठी पास घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लांबचे टप्पे मोजके आहेत आणि तारखा ठरलेल्या आहेत. तिकडच्या वेगवान गाड्यांचे भाडे विमानासारखे दिवसागणिक चढते. आपल्या रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते. तिकडे तीन-चार महिने आधी बहुतेक तिकिटे मिळतात आणि तेव्हाच ती सर्वांत स्वस्त असतात. अशी स्वस्त तिकिटे बहुधा रद्द करून पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसाची तारीख बघूनच घाई करावी. याउलट प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, म्युनिक असा मनाला येईल तेव्हा निघायचा बेत असेल, तर पास जरूर घ्यावा. जवळच्या गावांना जाणाऱ्या साध्या गाड्यांचे भाडे मात्र ठरलेले असते, त्यांची तिकिटे आधी काढण्याची गरज नाही. इटलीत अशा गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तो नसेल, तर तिकीट असूनही दंड होतो.

प्रश्न : घरून काय काय नेता येते? तूप, खव्याचे पेढे, चिवडा, पापड, लोणचे आणि शेतातली थोडी संत्री नेण्याचा विचार आहे. खोलीवर खिचडी शिजवता येईल का? (दारव्हा तालुक्यातील एक भगिनी)

उत्तर : तूप, पेढे आणि संत्री घरीच ठेवावीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाने मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे; त्यात तूप, खवा, पनीर सर्व आले. ताज्या फळांना आणि भाज्यांना रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. या अटीतून केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे सुटली आहेत. संत्र्याला ती सवलत नाही, मग ते नागपुरी का असेना.

चिवडा, शेव, भाजलेले पापड, सातूचे पीठ, मसाले, चहापत्ती आणि तेलातले लोणचे नेता येते. लोणचे व ठेचा मात्र मोठ्या पेटीत, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून ठेवावा, कारण विमानात हाताशी ठेवायच्या सामानात 100 मिलिलिटरवरचा ओला पदार्थ काढून घेतात.

हॉटेलच्या खोलीत शिजवण्यास मनाई असते आणि छतावर धुराची सूचना देणारे यंत्र असते. मोहरी तडतडली की घंटा वाजू शकते. रोज ताजे हवेच असेल, तर स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घ्यावी. विशेषतः लुत्सर्नला, कारण स्वित्झर्लंडमधील हॉटेलचे जेवण खिशाला फार जड जाते. तेथे तांदूळ, डाळ, दूध, दही मिग्रोस किंवा कोऑपच्या दुकानात मिळते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असली, तरी मोठ्या स्थानकातील उघडी असतात. पॅरिसमध्ये गार द्यु नोर स्थानकामागे ला शापेल भागात श्रीलंकन तमिळांची दुकाने आणि खाणावळी आहेत, तेथे डोसा मिळतो. इटलीच्या खोल्यांत पाणी तापवायची किटली बहुधा नसते, म्हणून चहाबाजांनी लहान विजेची किटली आणि तिकडच्या प्लगचा ॲडाप्टर सोबत न्यावा. गाडीत आपला डबा उघडून खाण्यास काहीच हरकत नाही, तिकडचेही लोक खातात. फक्त लसणाची चटणी रेल्वेच्या बंद डब्यात लोकांसमोर उघडताना थोडा विचार करावा.

प्रश्न : मी कास्तकार आहे. उत्पन्न शेतीचे असल्याने आयकर विवरणपत्र कधी भरले नाही. शिवाय रेशन दुकानात माझा थंब लागत नाही. मला व्हिसा मिळेल काय? (काटोल तालुका)

उत्तर : शेती हे उत्पन्नाचे साधनच नव्हे, असे कोणी मानत नाही, ते कागदावर दाखवावे लागते. सातबारा व आठ-अ, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या आणि मागील सहा महिन्यांचे बँक खाते यांचा संच करावा, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे आणि विवरणपत्र का नाही हे एका साध्या पत्रात लिहावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आली तर शंका घेतली जाते. कापूस, सोयाबीन विकल्याचे पैसे खात्यातच येऊ द्यावेत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. वर सुचवलेल्या बेतात सात रात्री इटलीत आहेत, तेव्हा पॅरिसला उतरत असलात तरी अर्ज इटलीकडे जाईल. त्याच व्हिसावर स्वित्झर्लंडही पाहता येते. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो असून अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे. किमान 30 हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो.

बोटांच्या ठशांची काळजी नको. झिजलेल्या बोटांचे जितके ठसे उमटतील तितके घेतात, आणि शारीरिक कारणाने एकही घेणे शक्य नसेल तर नियमातच सूट आहे. जाण्यापूर्वी काही दिवस बोटांना खोबरेल चोळावे आणि निंदणाची कामे टाळावीत.

प्रश्न : शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आमच्याकडे अरुंद रुळाच्या गाडीत बसणे संपले. तशी गाडी युरोपात अजून चालते काय? (मूर्तिजापूर तालुका)

उत्तर : चालते, आणि थाटात चालते. पूर्व स्वित्झर्लंडमधील कूर येथून इटलीच्या तिरानोपर्यंत मीटरभर रुंदीच्या रुळावरून लाल गाडी जाते. यातला 1910 साली पूर्ण झालेला बेर्निना घाट 2253 मीटर उंचीवर चढतो आणि तोही दात्यांच्या रुळाशिवाय. हा मार्ग 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. उतरताना ब्रुझिओ येथे गाडी दगडी कमानींच्या उघड्या पुलावर पूर्ण वर्तुळ घेते, तेव्हा खिडकीतून आपलेच पुढचे डबे खाली जाताना दिसतात.

मोठ्या काचांच्या बेर्निना एक्सप्रेसचीच जाहिरात सर्वत्र असते आणि तिला वेगळे आरक्षण लागते. त्याच रुळावरून धावणाऱ्या साध्या गाडीला ते लागत नाही, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडता येत असल्यामुळे छायाचित्रे उलट चांगली येतात. आम्ही साधीच गाडी घ्या असे सांगू. लुत्सर्नहून मिलानला गोट्टहार्डऐवजी या वाटेने गेल्यास पूर्ण दिवस लागतो, म्हणून पहाटे निघावे. तिरानोला स्विस आणि इटालियन स्थानके एकमेकांशेजारी आहेत आणि मिलानची गाडी अडीच तासांची आहे. मध्ये वेळ काढून स्थानकाजवळच पित्झोक्केरी खावी. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, बटाटा आणि कोबी एकत्र उकडून त्यावर लोणी, लसूण आणि चीज घातलेला हा त्या खोऱ्याचा पदार्थ आहे. दुपारी अडीचच्या सुमारास तेथील स्वयंपाकघरे बंद होतात, तेव्हा त्याआधी पोहोचणारी गाडी धरावी.